घाटावरची भुरी

आमच्या घरात एक शास्त्रज्ञ जन्माला आला आहे हे सगळ्यांत आधी मला कळलं, आणि पुढे बराच काळ ते फक्त मलाच माहीत होतं. कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र घेतलं ते गणित चुकवायला. पण पहिलं वर्ष निम्मं सरलं नाही तोच माझी बोलण्याची तऱ्हा बदलली. आत्या परसातून गवती चहाची पात खुडून आणायला लागली की मी तिला त्या गवताचं लॅटिन नाव ऐकवायचो. ती अळू चिरायला बसली की त्यातल्या सुईसारख्या स्फटिकांवर बोलायचो. "ते असू दे रे," विळीवरून मान न उचलता आत्या म्हणायची, "घशाला खाजेल की नाही तेवढं सांग. चिंच किती घालू?" ते मला सांगता येत नसे. जन्मभर मुलांना हाच विषय शिकवून आता निवृत्त झालो, तरी अळवाच्या फदफद्यात चिंच किती घालावी ते मला अजून सांगता येत नाही, आणि आमची ही ते आल्यागेल्याला सांगत असते.

आमचं घर रत्नागिरीच्या कडेला, मिरजोळ्याच्या वाटेवर. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे अंगण आणि मागे परस. परसात विहीर, विहिरीलगत धुण्याचा दगड, काही पोफळी, दोन माड. सकाळी रहाटाची कुरकुर सुरू झाली की उठायचं आणि एमआयडीसीचा भोंगा वाजला की बाबांनी सायकल काढायची, असा घराचा नेम होता. बाबा सरकारी कचेरीत कारकून. आत्या म्हणजे त्यांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला, ती माहेरी आली आणि स्वयंपाकघर तिने ताब्यात घेतलं. तिच्या राज्यात मऊ भात, कुळथाचं पिठलं, आंबोळ्या, बाजाराच्या दिवशी बांगडे किंवा तिसऱ्या. पण चुलीची एक बाजू आईची होती. आई तासगावकडची. तिला जोंधळ्याच्या भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नसे. संध्याकाळी परातीत भाकरी थापल्याचा थपथप आवाज यायचा आणि शेजारचे लोक म्हणायचे, घाटावरची जेवायला बसली. आत्या त्या भाकरीला नाकं मुरडायची आणि शेवटी अर्धी मागून घ्यायची. मी दोन्हीकडचं खात असे, आणि या समतोल आहारामुळेच माझी बुद्धी तल्लख झाली आहे असं तेव्हा माझं मत होतं.

बाबांची कधी काळी तासगावला बदली झाली होती. तिथे एका द्राक्षबागायतदाराच्या घरी ते भाड्याने राहिले, आणि त्या बागायतदाराची मुलगी म्हणजे माझी आई. आजोबांनी साफ नकार दिला. त्यांच्या मते कोकणात माणसं पेज पिऊन दिवस काढतात आणि त्यातली बरी मुंबईला पळतात. दोघांनी कचेरीत जाऊन सह्या केल्या आणि इकडे आली. त्या दिवसापासून आजोबांनी आईशी अबोला धरला. भांडण नाही, शिव्याशाप नाहीत, नुसतं बोलणं बंद. मी कॉलेजात जाईपर्यंत मला आजोबा होते ते फक्त मामाच्या बोलण्यात. मामा दिवाळीनंतर घरी न सांगता यायचा, बेदाण्यांचा डबा द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत जायचा. एका वर्षी त्याने ओल्या गोणपाटात गुंडाळून आजोबांच्या बागेतल्या मुळं फुटलेल्या काड्या आणल्या. तिकडे पाहुण्याला वेलीची काडी देणं म्हणजे आपल्याकडे ओटीत नारळ घालण्याइतकं सहज. आईने त्यातली एक परसात विहिरीजवळ लावली. जांभ्या दगडात खड्डा खणून घेतला, बाहेरून माती आणून भरली, बाबांनी पोफळीच्या फळ्यांचा मांडव घातला. पावसाळ्यात त्या वेलीचे हाल बघवत नसत. पानं डागाळायची, कुजायची, गळायची. पण दसरा झाला की आई स्वतः कात्री घेऊन ती छाटायची आणि वेल पुन्हा फुटायची. आत्या म्हणायची, "वहिनीसारखीच आहे शिंची. चिवट."

मी शास्त्रज्ञ झालो त्या हिवाळ्यात वेलीवर पहिल्यांदा भरपूर घड लागले. आणि त्याच सुमारास बाबांच्या कचेरीत मामाचा फोन आला, की शिमगा झाला की आजोबा रत्नागिरीला यायचं म्हणतायत. का येतायत ते त्याने सांगितलं नाही. बाबांनी घरी येऊन ही बातमी दिली तेव्हा आई भात वेळत होती. तिने भांडं खाली ठेवलं आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "तोवर द्राक्षं पिकतील का हो?" मग ती रोज परसात जायची. आम्हाला तिने उघडच सांगितलं होतं, "आबांना माझ्या वेलीची द्राक्षं खाऊ घालायची आहेत. मग त्यांनी काय बोलायचं ते बोलावं." तिला त्यांना दाखवायचं होतं की इथे तिचं बरं चाललंय. हे तोंडाने सांगण्यापेक्षा ताटलीत घालून दाखवणं तिला सोपं वाटत होतं.

आणि भुरी आली. सकाळी दव, दुपारी मळभ, असे दिवस होते. आधी पानांवर पिठाची चिमूट टाकल्यासारखे पांढरे ठिपके आले, मग ते घडांवर उतरले. भुरी म्हणजे बुरशी, पानाफळाच्या सालीवर वाढणारी. मागच्या वर्षीही ती थोडी आली होती, तेव्हा आईने चुलीतली राख चाळून फुंकली होती. या वर्षी आई राखेचं सूप घेऊन निघाली आणि मी तिला दारात अडवलं. "आई," मी म्हणालो, "हे विसावं शतक आहे." त्यानंतर मी जे व्याख्यान दिलं त्यात राख, गंधक आणि एकूणच आपले पूर्वज यांना मी निकालात काढलं. माझ्या मते उपाय एकच होता, आंतरप्रवाही औषध. वर नुसतं चिकटणारं नव्हे तर पानाच्या आत शिरून रसातून फिरणारं. मी मामाला पत्र टाकून विचारलं. त्याचं उत्तर आलं, निळ्या चिठ्ठीच्या बाटलीतलं मारा, आबा गेली कैक वर्षं तेच मारतात, सगळं गाव त्यांना विचारून तेच मारतं. आता घाटावरचा अनुभव आणि कॉलेजचं ज्ञान एका बाटलीवर एकमताने बोट ठेवतात म्हटल्यावर शंकेला जागाच कुठे होती? मी बाजारात जाऊन ती बाटली आणली आणि येताना सायकलच्या हँडलला लटकवून आणली, म्हणजे वाटेत लोकांना दिसावी.

फवारायला शेजारच्या आंबेवाल्या तात्यांचा पाठीवरचा पंप मागून आणला. बाबांचा रेनकोट चढवला, तोंडाला पंचा बांधला, डोळ्यांना मित्राच्या मोटारसायकलचा गॉगल. मार्चच्या तोंडावर रत्नागिरीत रेनकोट घालून फिरणारा माणूस बघायला गल्लीतली पोरं जमली. "निघालं आमचं भूत," आत्या म्हणाली आणि दारं लावून घेतली. मी फवारलं. योगायोगाने पुढचे दोन-तीन दिवस ऊन कडक पडलं आणि भुरी जरा थबकली. उन्हाने ती थबकतेच, हे मला पुढे नोकरी लागल्यावर कळलं. तेव्हा मात्र मी श्रेय घेतलं. जेवताना बाबांनी माझ्या ताटात बांगड्याचा मधला तुकडा वाढला. तो मी खाल्ला. त्या बांगड्याचा हिशेब माझ्याकडून अजून कोणी मागितलेला नाही, पण तो माझा नव्हता एवढं खरं.

मळभ परत आलं, दव परत पडलं, आणि भुरी अशी वाढली की जणू तिला मी खत घातलं असावं. मी पुन्हा फवारलं. काही नाही. तेव्हा माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो दुकानदार लबाड असल्याचा. मी जाऊन त्याच्याशी भांडलो. तो गरीब माणूस म्हणाला, "अरे बाबा, सीलबंद बाटली. माझ्या घरी नाही गाळत मी ती." मग मला वाटलं, प्रमाण कमी पडतंय. दुप्पट घातलं. पानांच्या कडा करपल्या, वेलीने मान टाकली, भुरी तेवढी टवटवीत राहिली. परसात कोंदट, खारवलेल्या सुकटीसारखा वास भरला. तात्या पंप कधी परत मिळेल ते विचारायला आले आणि माझी वेल बघून घाबरले, कारण त्यांच्या हापूसला तेव्हा मोहरातून कणी धरत होती. "तुमची भुरी माझ्या आंब्यावर आली तर याद राखा," ते म्हणाले. आंब्याची भुरी वेगळी आणि द्राक्षाची वेगळी, ही आंब्यावर जात नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं. आजोबा येईपर्यंत मी बोललेलं हे एकच वाक्य बरोबर होतं, आणि त्यावर कोणाचा विश्वास बसला नाही. आईने त्यातल्या त्यात बरा एक घड शोधला, त्याला कागदाची पिशवी बांधली आणि ती रोज बाहेरूनच हात लावून बघायची. मला तिची दया यायची आणि त्या दयेपोटी मी आणखी फवारायचो.

आजोबा आंबा घाटातून येणाऱ्या एसटीने आले. पांढरं धोतर, फेटा, हातात कापडी पिशवी. बाबा त्यांना स्टँडवरून घेऊन आले. दोघं वाटेत काय बोलले ते बाबांना विचारलं तर म्हणाले, "ऊन फार आहे म्हणाले." आईने दारात त्यांच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि वाकून नमस्कार केला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण बोलले नाहीत. आईची नजर त्यांच्या पिशवीकडे गेली. ऐन हंगामात तिकडचा बागायतदार कुणाकडेही जाताना द्राक्षांची पेटी घेतल्याशिवाय निघत नाही, आणि आजोबांकडे पेटी नव्हती. त्यांनी पिशवीतून साखरफुटाण्यांचा पुडा काढून माझ्या हातात दिला. चहा झाला. मग ते उठले आणि कोणी न सांगता थेट परसात गेले. बागायतदाराला दुसऱ्याची वेल बघितल्याशिवाय चैन पडत नाही. आई आत धावली. कागदाच्या पिशवीतला तो घड तिने सकाळीच वेलीवरून काढून, धुऊन, पितळी ताटलीत ठेवला होता. ती ताटली घेऊन ती त्यांच्या मागोमाग गेली.

"कवा फवारलंस?" आजोबांनी मला विचारलं. ते माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

"काल," मी म्हणालो.

"किती?"

"दुप्पट," मी म्हणालो. "शेवटी शेवटी तिप्पट."

त्यांनी आईच्या हातातली ताटली घेतली आणि धुण्याच्या दगडावर ठेवली. "हे कुणी तोंडात घालू नका," ते म्हणाले. "नुसतं धुऊन जात न्हाई ते."

आईचा चेहरा मला आजही आठवतो. ती रडली नाही, रागावली नाही. रिकामे हात पदराला पुसत नुसती उभी राहिली. आजोबांनी एक पान तोडलं, अंगठ्याने चोळलं, वास घेतला, आणि ते खाली विहिरीच्या कठड्यावर बसले. मग म्हणाले, "ही भुरी आमचीच हाय. काडीच्या डोळ्यात दडून आलीया. औंदा माझी समदी बाग हिनंच खाल्ली. निळी बाटली मारली, दुप्पट मारली, तरी मरंना. तुझा मामा म्हणला, औंदा आपल्याकडं बाटलीच खोटी आली. गाव मला इचारून मारायचं. त्यांच्या बी बागा गेल्या. आता कुणाला तोंड दावायचं?" म्हणून पेटी नव्हती. म्हणून ते आले होते. ज्या गावात प्रत्येक जण त्यांना विचारून पंप भरायचा त्या गावात त्यांना बसवेना, आणि जायला दुसरं ठिकाण आठवलं नाही.

अशा वेळी समजदार माणसाने गप्प राहावं. मी तसा नव्हतो. माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला होता. कॉलेजच्या पुस्तकात डासांवर एक परिच्छेद होता. एकच विष वर्षानुवर्षं मारलं की अशक्त डास मरतात, एखादा चिवट उरतो, पिल्लं त्याचीच होतात, आणि मग त्या विषाला कोणी जुमानत नाही. "आजोबा!" मी जवळजवळ ओरडलोच. "सोपं आहे! डीडीटीचं झालं तेच! तुम्ही दर वर्षी तेच औषध मारलंत म्हणून भुरीला त्याची सवय झाली! औषध खोटं नाहीच! ती इथे आली तेव्हाच सरावलेली होती, म्हणून माझ्या पहिल्या फवाऱ्यालाही मेली नाही!" मी हातवारे करून सांगत होतो. एका म्हाताऱ्याची बाग गेली होती, एका बाईचे हात रिकामे झाले होते, आणि मला आनंद झाला होता, कारण मला उत्तर आलं होतं. पुढे वर्गात हा धडा मी कितीदा शिकवला, तक्ते काढले, आलेख काढले, पण तेवढ्या उत्साहाने पुन्हा कधी जमलं नाही.

आई ऐकत होती. "म्हणजे," तिने मला शांतपणे विचारलं, "एकच औषध सारखं मारत राहिलं की ते पुढे लागेनासं होतं?"

"अगदी बरोबर," मी मास्तरी आवाजात म्हणालो.

ती आजोबांकडे वळली. इतकी वर्षं आमच्यात राहून आईची बोली आमच्यासारखीच झाली होती. पण त्या वेळी तिच्या तोंडून तिकडचीच भाषा बाहेर पडली. "आबा, तुमी बी एकच औषध मारत राहिलासा. बोलायचं न्हाई. सुरवातीला लई लागलं मला. रोज रडायचे. ह्यांना इचारा. मग आई गेली. मला तेराव्यानंतर दादाकडनं कळलं. तुमी एक सबूद धाडला न्हाईसा. त्यानंतर मी काय ठरीवलं न्हाई, पर तुमचं न बोलणं मला लागंनासंच झालं."

आजीबद्दलची ही गोष्ट मला तेव्हा पहिल्यांदा कळली. बाबा मागच्या दारात येऊन उभे राहिले.

आजोबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "चुकलं माझं, पोरी," ते म्हणाले.

"हे ऐकायला मी किती वर्सं बसले व्हते," आई म्हणाली. "वाटायचं, आबा असं म्हणले की मला हुंदका फुटंल. न्हाई फुटत, आबा." मग तिने ताटलीतला घड उचलून कचऱ्याच्या खड्ड्यात टाकला, ताटली दगडावर घासायला घेतली आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "ऱ्हावा थोडं दिस. फुटंल."

आजोबा राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणि आईने मिळून वेल पार खोडापर्यंत छाटली, पाचोळा जाळला आणि नव्या फुटीसाठी बाजारातून गंधकाची भुकटी आणवली. मी ज्याला निकालात काढलं होतं तेच गंधक. त्याला भुरी कधी सरावत नाही, हे मी आता छातीठोकपणे सांगू शकतो, पण आता कोणी विचारत नाही. पंपाला हात लावायची मला बंदी झाली. माझ्याकडे पाचोळा गोळा करायचं काम आलं आणि ते मला बऱ्यापैकी जमलं. आजोबा रोज संध्याकाळी बाबांबरोबर ओटीवर बसायला लागले. आधी दोघं ऊन फार आहे असं म्हणायचे, मग हळूहळू इतर गोष्टी निघाल्या. पहिल्या दिवशी मासे बघून ते ताटावरून उठले. आत्या म्हणाली, "राहू दे हो, आमच्या ताटात एक बांगडा जास्त." आठवडाभरात तेच तिला विचारायला लागले, आज बाजारात काय आलं. आईशी ते फार बोलत नसत, पण ती भाकरी थापायला बसली की चुलीजवळ येऊन बसत आणि पहिली भाकरी तव्यावरून उतरली की हात पुढे करत. आई त्यांच्या हातावर भाकरी ठेवी, वर लसणीची चटणी ठेवी, आणि पुढची थापायला घेई. डोळे कोरडेच असत.

पाऊस तोंडावर आला तेव्हा ते परत जायला निघाले. तिकडे जाऊन गावाला सांगायचं होतं, माझं ऐकू नका म्हणून. आम्ही सगळे स्टँडवर पोचवायला गेलो. आजोबा एसटीत चढले, खिडकीशी बसले, पिशवी मांडीवर घेतली. आई खाली उभी होती. ती काहीतरी सांगायला गेली, बहुतेक पोचल्यावर कळवा असंच काहीतरी, आणि तिच्याने ते वाक्य पुरं करवलं नाही. ती अशी रडायला लागली की सगळा स्टँड वळून बघायला लागला, कंडक्टरने घंटी द्यायचा हात तसाच वर धरला. आजोबा क्षणभर खिडकीतून बघत राहिले. मग त्यांनी पिशवी उचलली, माणसांमधून वाट काढत खाली उतरले, आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने गेले.